जळवेची गाठ

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून टाकते. घरात मला सगळे फ्यूज म्हणतात. नाव मामानं ठेवलं. "जरा लोड आला की गेलीच ही!" असं तो पाहुण्यांसमोरसुद्धा म्हणतो, आणि मी तापले की म्हणतो, "बघा, गेली." पण कामाला मी एक नंबर, हे तोही कबूल करेल. अठरा वर्षं इमारतींमधून केबली ओढतेय.

गोष्ट परवाचीच आहे. सांगताना अजून अंगावर काटा येतो आणि हसूही आवरत नाही.

आमचं इलेक्ट्रिकचं काम मी आणि दादा मिळून बघतो, मामा मदतीला. दादा दोन महिन्यांपासून अंथरुणाला खिळलाय. एका साइटवर कामगारानं केबलला दोरी बांधली, ऐन ओढताना गाठ सुटली, केबलचं टोक सपकन मागे आलं आणि दादा जिन्यावरून खाली. कंबर गेली. त्या दिवशी मी जाहीर केलं की आमच्या साइटवर आजपासून दोरीची गाठ बंद. ओढायला जाळीचा मोजा, धरायला लाकडी क्लॅम्प, बस्स! मामा म्हणाला, दुधानं तोंड पोळलं म्हणून ताक फुंकून पितेस. म्हटलं, पिते! कंबर तुझी गेली नाही.

आता वहिनी. हिचे वडील झाडं छाटायचे. उंच उंच झाडांवर दोरीनं चढायचे आणि ही दहा वर्षांची असल्यापासून त्यांच्या शेजारी दोरीला लटकायची. लग्न झालं आणि गेली बारा वर्षं बिचारी आमच्या दुकानात बसून लोकांना बल्ब आणि बटणं काढून देतेय. परवाच्या आदल्या दिवशी जेवताना तिनं ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, "मला उद्या साइटवर यायचंय. त्या खुर्चीवर बसून बसून मला मुळं फुटायची वेळ आली."

मी दादाकडे बघितलं. दादा उशीला टेकून म्हणाला, "एक दिवस ने तिला. संध्याकाळी मी फोन करीन. राहते की जाते, तू म्हणशील ते. मी मध्ये पडणार नाही."

"आणि तुम्ही नाही म्हणालात," वहिनी मला म्हणाली, "तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही, वन्सं. कधीच नाही."

ती नुसतं बोलायचं म्हणून बोलणारी नाही. मी नाही म्हटलं असतं, तर ती जन्मभर त्या खुर्चीवर बसली असती आणि हूं की चूं केलं नसतं. खरं सांगते, माझ्या मनात नाहीच म्हणायचं होतं. घरचं माणूस साइटवर म्हणजे डोक्याला ताप. सकाळी तिला झापायचं आणि रात्री तिच्याच हातचं जेवायचं, हे कसं जमायचं?

काम होतं एका हॉस्पिटलात. इमारत आठ मजली. आठव्यावर नवं ऑपरेशन थिएटर झालेलं, त्याला जुनी केबल पुरत नव्हती. नवी केबल माझ्या मनगटाएवढी जाड, मीटरला पाच किलो वजन. मागच्या अंगणात तिचा ड्रम ठेवलेला. तिथून जमिनीखालच्या पाइपातून तळघरात, तळघरातून शाफ्टमधून, म्हणजे केबलींसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीतून, सरळ आठव्या मजल्यावर, आणि तिथून थिएटरसमोरच्या पॅसेजमधून आणखी बारा मीटर, पॅनेलपर्यंत. हे सगळं दहा ते एकच्या आत.

"एक म्हणजे एक," मोठ्या सिस्टरनी घड्याळावर बोट ठेवून बजावलं. "दीड वाजता इथून पेशंट जायचाय. एकला पॅसेज रिकामा आणि पुसलेला हवा. नाहीतर केबल उतरवा आणि पुढच्या महिन्यात या." त्यांची तीस वर्षं नोकरी झालेली, आवाज असा की मीसुद्धा "हो सिस्टर" म्हणाले.

अंगणात मामा आणि दोन ड्रमवाले उभे होते. त्यांच्यासमोर मी वहिनीला सुनावलं. "हे बघ, इथे मी मुकादम. नातंबितं गेटाबाहेर. माझा नियम एकच आहे. एक चूक, आणि घरी!"

"सगळ्यांना?" वहिनीनं विचारलं.

"काय सगळ्यांना?"

"नियम. सगळ्यांना आहे का?"

"सगळ्यांना!" मी छाती काढून म्हणाले. मामाला उगाच खोकला आला.

तेवढ्यात माझं लक्ष तिच्या कमरेकडे गेलं. शर्टावरून तिनं मऊसर दोरीची दोन कडी गुंडाळली होती, करंगळीएवढ्या जाडीची.

"हे काय?"

"बाबांची जळू," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा एकदम उजळला. "म्हणजे गाठ आहे. हे कडं जाड दोराभोवती पाच-सहा वेढे घालून गुंडाळायचं आणि टोक त्याच्याच फासातून ओवायचं. ओढ बसली की वेढे असे आवळतात, जळू चिकटावी तसे. ओढ काढली की हातानं सरकवता येतं. बाबा यावर झाडाच्या शेंड्याला..."

"इथे झाडं नाहीत. आणि माझ्या साइटवर गाठी चालत नाहीत. काढ ते."

तिनं दोन्ही कडी सोडली आणि खिशात कोंबली. मी तिच्या हातात साबणाची बादली दिली. पाइपात केबल अडू नये म्हणून तिला एक बुळबुळीत साबण लावतात. घाण काम, नव्या माणसाचं काम. मुद्दाम दिलं, लपवत नाही.

तिनं विचारलं, "पाइपातून तळघरात बाहेर आली की पुसून घ्यायची ना?"

"पुसायला वेळ कुणाला आहे? वाळतो तो आपोआप. तू लाव, हात आखडू नकोस. मग मामाकडे बादली दे आणि केबलच्या टोकाबरोबर मजले चढत वर ये. कुठे अडकली तर वॉकीटॉकीवर ओरड."

मी आठव्या मजल्यावर गेले. शाफ्टच्या खोलीत वर तुळई, तुळईला कप्पी, कप्पीतून विंचची, म्हणजे ओढायच्या यंत्राची, तार खाली सोडलेली. तारेला मोजा, म्हणजे तारेची विणलेली जाळी. ती केबलच्या टोकावर चढवायची, ओढलं की आवळते. बटण दाबलं आणि विंच घुमायला लागली. काय सांगू, मला तो आवाज फार आवडतो! वॉकीवर मामा तळघरातून ओरडतोय, "आली, आली, आली!" मग वहिनी, "पहिला पार!" "दुसरा पार!" धापा टाकत, पण आवाज असा की लहान पोर जत्रेत निघालंय. सातवा पार झाला तेव्हा मी स्वतः हसत होते. बारा वाजून पाच मिनिटांनी केबलचं टोक जमिनीतल्या भोकातून वर आलं आणि मोजा कप्पीला टेकला.

आता पुढचं नीट ऐका. टोक कप्पीला टेकलं की विंच पुढे ओढू शकत नाही. पॅनेलपर्यंतचे बारा मीटर तर अजून बाकी. म्हणून भोकावर लाकडी क्लॅम्प ठेवायचा, केबलला गच्च आवळायचा, सगळं वजन त्यावर सोडायचं, विंचचा हूक काढायचा आणि केबलला खाली पुन्हा पकडून पुढची खेप ओढायची. हजार वेळा केलंय मी. क्लॅम्प आवळला, विंच ढिली सोडली, हूक काढला, मोजा उतरवला. दारात मोठ्या सिस्टर ड्रेसिंगची ट्रॉली घेऊन उभ्या होत्या. त्यांच्याकडे वळून मी ऐटीत म्हणाले, "बघा सिस्टर, वेळेच्या आधी!"

"वन्सं," मागून वहिनी म्हणाली. ती नुकतीच वर पोचली होती, हात कोपरापर्यंत साबणानं माखलेले. "केबल खाली चाललीय."

मी वळले. क्लॅम्पजवळ मी निळी टेप लावली होती. ती दिसेना. आणि सुर्रर्र असा बारीक आवाज येत होता.

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. पाना घेऊन क्लॅम्पचे बोल्ट पिळले. पिळले तर लाकडाच्या फटीतून फेस बाहेर आला. फेस! माझा साबण! आठ मजल्यांची केबल साबणानं न्हाऊन वर आली होती आणि क्लॅम्पचं लाकूड तिच्यावरून घसरत होतं. पावणेदोनशे किलो वजन, वर फक्त दोन मीटर शेपूट उरलेलं, आणि हूक मी माझ्या हातानं काढून ठेवलेला.

"मामा!" मी वॉकीत किंचाळले. "शाफ्टखालून बाहेर! पळ!"

"माझे गुडघे पळायचे राहिलेत का?" मामाचा आवाज. मग धडपड, बादली लवंडल्याचा आवाज, आणि "निघालो गं बाई, निघालो! दार लावलं!"

आणि मी? मी दोन्ही हातांनी केबल धरली. अठरा वर्षांचा अनुभव आणि केबल हातानं धरली! ती माझ्या तळव्यांतून माशासारखी निसटत होती आणि माझे हात तिच्याबरोबर क्लॅम्पकडे चालले होते.

"हात काढ!" वहिनी ओरडली. "हात काढ म्हणते ना!" बारा वर्षांत ती मला पहिल्यांदा अरे-तुरे करत होती. तिनं मला खांद्यानं ढकललं, आपले साबणाचे दोन्ही हात माझ्या पाठीला खसाखसा पुसले आणि खिशातून ते कडं काढलं. एक वेढा, दुसरा, तिसरा, चौथा. तिची बोटं दिसतच नव्हती. टोक फासातून ओवलं, विंचच्या हुकात अडकवलं. "घे वर!"

मी बटण दाबलं. कडं ताणलं, आणि सुळ्ळकन केबलवरून वर सरकलं. धरलंच नाही.

"गेली!" मी म्हणाले. "वहिनी, गेली गं केबल."

"कुठे गेली? ही काय इथे आहे!" ती दात ओठ खाऊन म्हणाली. "कोरडं पाहिजे. हिला कोरडी जागा पाहिजे! सिस्टर, पट्टी! बँडेज!"

सिस्टरनी का, कशाला, कुणाला, काही विचारलं नाही. ट्रॉलीवरचा गॉजचा गठ्ठा उचलला, मला बाजूला केलं आणि केबल अशी पुसली जशी जखम पुसतात, वरून खाली, एकदा, दोनदा, बोळा फेकून नवा. मग बँडेजचा रोल काढला आणि केबलला झपाझप पट्टी बांधली, आडवी तिडवी, सुरकुती नाही, वर चिकटपट्टी. मी एवढ्या वेळात बुटाची लेस बांधू शकत नाही! क्लॅम्पच्या वर आता जेमतेम हातभर शेपूट उरलं होतं.

त्या पट्टीवर वहिनीनं जळू बांधली. या वेळी सात वेढे. एकेक वेढा अंगठ्यानं दाबून शेजाऱ्याला खेटवला, एकावर एक चढू दिला नाही. केबल तिच्या हातांखालून सरकतच होती आणि ती मात्र वेणी घालावी तशी शांतपणे वेढे घालत होती. हुकात अडकवलं.

"हळू घे," ती म्हणाली. "हळू."

मी बटण दाबलं. कडं ताणलं. वेढे करकरले, पट्टीला वळ्या पडल्या. एक बोट सरकलं. आणखी अर्धं बोट. आणि थांबलं. सुर्रर्र आवाज बंद झाला. मग विंच पुन्हा घुमायला लागली आणि माझी निळी टेप क्लॅम्पमधून हळूच वर डोकावली.

"धरलं!" वहिनी ओरडली. "धरलं, धरलं, धरलं!"

मी जमिनीवर बसले ती बसलेच. रडतेय की हसतेय, मलाच कळेना. सिस्टरनी माझी नाडी बघितली, शपथ!

"कुणी जिवंत आहे का वर?" वॉकीवर मामा.

"सगळे आहेत," सिस्टर माझ्या हातातून वॉकी घेऊन म्हणाल्या. "पेशंट स्थिर आहे. बारा पंचवीस झालेत."

बारा पंचवीस! बारा मीटर बाकी, पस्तीस मिनिटं हातात आणि भरवशाचा क्लॅम्प एकही नाही. मी म्हणणार होते, आता उतरवू, पुढच्या महिन्यात बघू. तोंड उघडलंही होतं.

वहिनी मात्र वर तुळईकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत असं काहीतरी चमकत होतं की मी गप्प बसले. "झाडावर आम्ही दोन जळवा लावायचो," ती म्हणाली. "एकीवर वजन, दुसरी सरकवायची. मग दुसरीवर वजन, पहिली सरकवायची. असं करत शेंड्याला. इथे आपण चढायचं नाही, केबलला चढवायचं. पण मला खालून येणारी केबल कोरडी पाहिजे. कुणीतरी पुसायला बसायला हवं."

कुणीतरी म्हणजे कोण, हे सांगायची गरज नव्हती. मी भोकाजवळ मांडी घातली, मांडीवर गॉजचा ढीग घेतला, शेजारी विंचचं बटण. सकाळी तिच्या हातात बादली देणारी मीच! करावं तसं भरावं.

क्लॅम्प ढिला करून नुसता बाजूला ठेवला. दुसरं कडं तिनं तुळईला अडकवून केबलला बांधलं. केबलचं टोक कप्पीवरून पॅसेजमध्ये वळवलं, तिथे सिस्टरनी दोन वॉर्डबॉय उभे केले.

"ओढ!" वहिनी म्हणाली. विंच केबल मीटरभर वर घेऊन आली. "थांब!" तुळईची जळू तिनं हातानं खाली सरकवली. "सोड!" विंच ढिली, वजन तुळईच्या जळवेवर. प्रत्येक वेळी मी पुसणं विसरून बघत राहायचे, आणि प्रत्येक वेळी ती जळू आवळायची आणि धरायची. मग विंचची जळू खाली, आणि पुन्हा "ओढ!" पहिल्या खेपेला चार मिनिटं लागली. दुसऱ्या खेपेला तीन. पाचव्या खेपेपर्यंत असा ठेका बसला की वॉर्डबॉयही आमच्याबरोबर ओरडायला लागले. ओढ! थांब! सोड! मी पुसतेय, पुसतेय, कपाळावरचा घाम त्याच गॉजनं पुसतेय, डोळ्यांत साबण जातोय, आणि आई शप्पथ, इतकी मजा मला अठरा वर्षांत आली नव्हती! तळघरातून मामा विचारतोय, "काय चाललंय काय वर? लग्न लागलंय का?"

एकला सात मिनिटं कमी असताना टोक पॅनेलला टेकलं. भोकाजवळची केबल तोवर पुसून कोरडी ठणठणीत झाली होती. तिच्यावर कायमचे पट्टे ठोकले, दोन्ही जळवा सोडल्या. सिस्टरनी पॅसेज पुसून घेतला, घड्याळ बघितलं आणि पहिल्यांदा हसल्या. "पट्टी राहू दे केबलला," म्हणाल्या. "आठ दिवसांनी दाखवायला आणा."

सामान आवरून आम्ही अंगणात उतरलो. वहिनी पायरीवर बसून दोन्ही कडी बादलीतल्या स्वच्छ पाण्यात धूत होती. माझ्या पाठीवर तिच्या दहा बोटांचे साबणाचे ठसे वाळून पांढरे झाले होते, ते मला मामानं सांगितलं.

आणि फोन वाजला. दादा. संध्याकाळपर्यंत त्याला कुठला धीर निघायला! अंथरुणातून उंटावरून शेळ्या हाकायची सवय.

"काय झालं? चढली का केबल?"

"चढली. पण एक चूक झाली."

वहिनीचे हात पाण्यात थांबले. मामानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"मोठी?" त्यानं विचारलं.

"मोठी. केबल जाणार होती. मामा खाली होता."

"मग..." दादाचा आवाज पडला. "नियम तुझा तू सांगितला असशील सगळ्यांसमोर. एक चूक आणि घरी. मी मध्ये पडणार नाही म्हटलं होतं. पाठव तिला."

वहिनी माझ्याकडे बघत होती. फोन स्पीकरवर नव्हता, तरी तिला सगळं ऐकू गेलं असणार. मी डोक्यावरचं हेल्मेट काढलं आणि तिच्या शेजारी पायरीवर ठेवलं.

"तिला कशाला?" मी म्हणाले. "साबण पुसू नका असं मी सांगितलं. ती विचारत होती, मी ऐकलं नाही. हात घालून केबल धरली तीही मीच. चूक माझी आहे, दादा. नियम सगळ्यांना आहे. मी येतेय घरी."

एवढं बोलून मला रडू फुटलं. सांगायला लाज कसली! ड्रमवाल्यांसमोर, मामासमोर, सगळ्यांसमोर.

वहिनीनं ओले हात या वेळी स्वतःच्या शर्टाला पुसले. माझ्या हातातून फोन घेतला.

"अहो, ऐका," ती दादाला म्हणाली. "तिला घरी पाठवत नाहीये मी. ठेवून घेतलंय. साबण छान पुसते."

मग हेल्मेट उचलून तिनं माझ्या डोक्यावर ठेवलं, जरा वाकडंच, आणि ओलं कडं माझ्या हातात दिलं. "चल, त्या रेलिंगच्या पाइपवर बांधून दाखव," ती म्हणाली. "सात वेढे. एकावर एक चढवायचे नाहीत."

मी बांधली आणि ओढून बघितली. सुळ्ळकन सरकली. मामा काहीतरी बोलणार होता, पण वहिनीनं त्याच्याकडे नुसतं बघितलं. मी सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली.